कार्नेशन : लवंगेच्या वासाचे फूल

प्रजासत्ताक दिनाचा ध्वज चढतो, मुलांची भाषणे होतात आणि प्रमुख पाहुण्यांच्या हाती तालुक्याच्या गावाहून आणलेला पुष्पगुच्छ दिला जातो. पाहुणे तो क्षणभर हाती धरतात, मेजावर ठेवतात आणि बहुधा तेथेच विसरून जातात. दुसऱ्या दिवशी वर्ग झाडणाऱ्या मुलांना तो सापडतो. त्यात गुलाब असतो, जरबेरा असतो, आणि लांब ताठ देठाचे, चुरगळलेल्या पाकळ्यांचे, काठाला करवतीसारखे दाते असलेले आणखी एक फूल असते. गुलाब मुले ओळखतात. या तिसऱ्या फुलाचे नाव मात्र वर्गात क्वचितच कोणाला सांगता येते. हे फूल म्हणजे कार्नेशन होय. पुणे, नाशिक व सातारा या जिल्ह्यांतील थंड हवेच्या भागांत ते हरितगृहांतून पिकविले जाते. मावळात तर काही मुलांच्या आयांची रोजची मजुरी याच फुलावर अवलंबून असते. तेव्हा पाठ्यपुस्तकात त्याला जागा नसली, तरी वर्गात ती असावयास हरकत नाही.

कार्नेशनचे मूळ स्थान भूमध्य समुद्राभोवतीचा प्रदेश समजला जातो. रानटी अवस्थेतील झाड लहानसे असते. त्याला निळसर झाक असलेली, अरुंद, लांबट पाने समोरासमोर येतात. जेथे पानांची जोडी फुटते तेथे खोडावर बोटाच्या पेराप्रमाणे फुगीर गाठ असते. मुलांना खोडावरून बोट फिरवावयास सांगावे. डोळे मिटूनही त्यांना गाठी मोजता येतील. रानटी फुलाला पाकळ्या पाचच असतात. मग बाजारातील फुलात त्या एवढ्या गच्च कशा? याचे उत्तर मुलांना दुहेरी जास्वंदीवरून सांगता येते. एकेरी जास्वंदीत मधोमध पुंकेसरांची नळी दिसते. दुहेरी जास्वंदीत त्या पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. कार्नेशनचेही तसेच झाले आहे, आणि अशी झाडे माणसाने शतकानुशतके निवडून वाढविली. येथे झेंडूशी मात्र गल्लत होऊ देऊ नये. झेंडूची किंवा शेवंतीची जी 'पाकळी' मुले उपटतात ती वस्तुतः एक स्वतंत्र बारीक फूलच असते. कार्नेशनची पाकळी ही खरीखुरी पाकळी आहे. दोन्ही फुले शेजारी ठेवून उकलून दाखविली, तर हा भेद एका तासिकेत पक्का होतो.

लिनियसने १७५३ मध्ये या झाडाला 'डायँथस कॅरिओफायलस' असे शास्त्रीय नाव दिले. पहिला शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ 'देवाचे फूल' असा आहे. दुसरा शब्द अधिक उद्बोधक आहे, कारण तो लवंगेचा वाचक आहे. जुन्या जातीच्या कार्नेशनला लवंगेसारखा उग्र-गोड वास येतो. हा भास नव्हे. लवंगेच्या तेलात युजेनॉल नावाचे जे द्रव्य मुख्यत्वे असते, तेच या फुलाच्या सुगंधातही असते. दाढ दुखू लागली की घरोघरी लवंग दाताखाली धरतात, तिचा गुण याच युजेनॉलचा. पोर्तुगीज भाषेत 'क्राव्हो' हा एकच शब्द लवंग, कार्नेशन आणि घोड्याच्या नालेचा खिळा या तिन्ही अर्थी चालतो. लवंग दिसते खिळ्यासारखी आणि फुलाला वास लवंगेचा, अशी ही साखळी आहे. तुर्की भाषेतील 'करनफिल' या शब्दानेही लवंग व कार्नेशन या दोहोंचा बोध होतो. सोळाव्या शतकात तुर्कस्तानातील इझनिक येथे तयार झालेल्या चकचकीत फरश्यांवर पंख्यासारखे उलगडलेले हे फूल पुनःपुन्हा रंगविलेले आढळते.

लवंगेशी असलेले हे नाते लक्षात घेतल्याखेरीज या फुलाच्या पारंपरिक उपयोगांचा उलगडा होत नाही. लवंग ही मोलुक्का बेटांतील एका वृक्षाची वाळविलेली कळी होय. तेथून ती हिंदी महासागर ओलांडून, अनेक व्यापाऱ्यांच्या हातून युरोपात पोहोचे. तोपर्यंत तिची किंमत एवढी चढलेली असे की सामान्य माणसाने तिचे नाव काढू नये. परसात मात्र एक झाड असे, त्याच्या फुलाला तोच वास येई आणि त्याला पैसा पडत नसे. इंग्लंडमध्ये या पाकळ्या द्राक्षासवात व जवाच्या मद्यात स्वादासाठी भिजत घालीत. त्यावरून या फुलाला जे जुने इंग्रजी नाव पडले, त्याचा अर्थच 'मद्यात बुडविलेला तुकडा' असा होतो. पाकळ्या साखरेत मुरवून त्यांचा पाकही करीत. १५९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या वनस्पतिग्रंथात जॉन जेरार्ड याने हा मुरंबा हृदयाला बळ देणारा म्हणून फार वाखाणला आहे. आपल्याकडील गुलकंदाची ही बहीणच म्हणावयाची; कृतीही तीच आणि स्तुतीही तीच! पुढे औषधविक्रेत्यांच्या दुकानात या लाल पाकळ्यांचे सरबत दीर्घकाळ असे. कडू औषधाला रंग आणि रुची आणणे हे त्याचे मुख्य काम होते. चार घोट कडू काढा घशाखाली उतरविण्यास यापेक्षा अधिक गुणाची आवश्यकता नसते, हे कोणत्याही आईला ठाऊक आहे.

याखेरीज दक्षिण फ्रान्समधील ग्रास या अत्तरांच्या गावी कार्नेशनचे सुगंधी सत्त्व काढीत. फुलांच्या प्रचंड राशीतून ते अगदी थोडे निघे, म्हणून ते फार महाग असे. चीनमध्ये याच प्रजातीतील दुसऱ्या दोन जातींची झाडे मूत्रल औषध म्हणून प्राचीन काळापासून वापरली जातात. पण ती झाडे वेगळी आहेत. कार्नेशनची औषधी कीर्ती सांगताना त्यांचे गुण याच्या नावावर मांडले जातात, तसे होता कामा नये.

औषधी गुणांच्या बाबतीत शिक्षकांनी एकंदरीतच सावध असावे. या फुलाविषयी एक आख्यायिका सांगतात. फ्रान्सचा राजा नववा लुई १२७० मध्ये धर्मयुद्धासाठी ट्यूनिसला गेला असता त्याच्या छावणीत साथ पसरली, आणि आजारी सैनिकांना या फुलाचा अर्क पाजला गेला, अशी ती कथा आहे. अर्काची हकीकत दंतकथेच्या कोटीतील आहे. साथ मात्र खरी, आणि त्याच साथीत राजा लुई मरण पावला हेही खरे. पारंपरिक उपयोग म्हणजे पूर्वीच्या लोकांनी काय केले याची नोंद. त्याने रोग बरा झाला की नाही, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर निराळ्या रीतीने शोधावे लागते. चौथीच्या मुलालाही हा फरक समजतो. फक्त तो त्याच्यासमोर मांडला गेला पाहिजे.

येथे एक स्पष्ट सूचना देणे आवश्यक आहे. पूर्वी कार्नेशनच्या पाकळ्या खात असत, हे वर्गात सांगितल्यावर एखादे धीट मूल पुष्पगुच्छातील पाकळी तोंडात टाकणारच. ती टाकू देऊ नये. परसातील जुने झाड आणि हरितगृहातील आजचे पीक यांत फार अंतर आहे. विक्रीच्या फुलांवर कीटकनाशके व बुरशीनाशके फवारलेली असतात. शिवाय फूल अधिक दिवस टिकावे म्हणून काढणीनंतर त्याचे देठ रासायनिक द्रावणात बुडवितात, आणि काही द्रावणांत चांदीचे क्षार असतात. फुले हाताळून झाल्यावर मुलांना साबणाने हात धुवावयास लावावेत. ज्यांचे पालक हरितगृहात कामाला जातात अशा मुलांना, फवारणी झाली असता आत खेळावयास जाऊ नये, हेही याच निमित्ताने समजावून द्यावे. फुलाच्या इतिहासापेक्षा ही गोष्ट मुलांच्या अधिक उपयोगाची आहे.

कार्नेशनची खरी थोरवी औषधाच्या प्रांतात नाही. ती विज्ञानाच्या इतिहासात आहे, आणि ती कथा वर्गात रंगविण्यासारखी आहे. वनस्पतींमध्येही नर-मादी भेद असतो आणि परागावाचून बी धरत नाही, ही गोष्ट जर्मनीतील कॅमेरारियस याने १६९४ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिली. तोपर्यंत सुशिक्षितांनाही ती ठाऊक नव्हती. लंडनजवळच्या हॉक्स्टन येथे टॉमस फेअरचाइल्ड नावाचा एक माळी रोपवाटिका चालवीत असे. विद्यापीठाचे शिक्षण त्याला नव्हते. हात मातीत होते आणि डोळे उघडे होते. १७१७ च्या सुमारास त्याने कार्नेशन आणि त्याच प्रजातीतील 'स्वीट विल्यम' या दोन भिन्न जातींच्या फुलांचा संकर घडवून आणला. त्या बियांतून जे झाड उगवले, ते दोघांशी थोडेथोडे मिळतेजुळते होते. पण पूर्णपणे कोणासारखेच नव्हते. त्याला बी मात्र धरेना. घोडी आणि गाढव यांच्यापासून झालेल्या खेचराला संतती होत नाही, त्याप्रमाणेच हे झाड वांझ निघाले. म्हणून लोक त्याला 'फेअरचाइल्डचे खेचर' म्हणू लागले. माणसाने जाणूनबुजून घडविलेला वनस्पतींचा पहिला संकर म्हणून या झाडाची नोंद आहे. त्याचा वाळविलेला एक नमुना ऑक्सफर्ड येथे जतन केलेला आहे. आज शेतकरी संकरित ज्वारीचे, कपाशीचे किंवा टोमॅटोचे बी विकत आणतो, त्या साऱ्या विद्येचा आरंभ या फुलापाशी पोहोचतो.

या कामाने फेअरचाइल्डच्या मनाला टोचणी लागली होती, असे सांगतात. ईश्वराने जे निर्माण केले त्यात आपण हात घातला, ही ती टोचणी. १७२९ मध्ये तो वारला, तेव्हा त्याने २५ पौंडांची देणगी ठेवली होती. दरवर्षी चर्चमध्ये सृष्टीतील ईश्वरी चमत्कारांवर प्रवचन व्हावे, अशी तीमागची इच्छा होती, आणि पुढे तशी प्रवचने होतही राहिली. हा प्रश्न त्याच्याही आधीचा होता. त्यापूर्वी शंभर वर्षे शेक्सपिअरने 'द विंटर्स टेल' या नाटकात, पट्टेदार कार्नेशन आपल्या बागेत लावण्यास नकार देणारी एक मुलगी रंगविली आहे. त्या रंगांत निसर्गाबरोबर माणसाच्या करामतीचाही वाटा आहे, एवढ्यासाठी तिला ती फुले नकोत. एक वृद्ध गृहस्थ तिला समजावितो की, माणसाची करामत हीसुद्धा निसर्गातूनच आलेली आहे. मुलीचे समाधान होत नाही. वरच्या वर्गांत या दोघांच्या बाजू घेऊन मुलांना बोलते करावे. या वादाला जुनेपण आलेले नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ऑस्ट्रेलियात पेटुनियाच्या झाडातील जनुक कार्नेशनमध्ये घालून जांभळ्या रंगाचे फूल तयार करण्यात आले. तो रंग कार्नेशनला निसर्गतः कधीच येत नव्हता. कपाशीच्या बियाण्यावरून शेतकऱ्यांच्या चावडीवर जो वाद ऐकू येतो, तो याच जातीचा आहे.

या सुधारणांत एक गोष्ट गमावली गेली. १९३८ च्या सुमारास अमेरिकेत विल्यम सिम याच्या नावाने प्रसिद्ध झालेली लाल जात निघाली. तिच्यातूनच आपोआप फेरबदल होऊन गुलाबी, पांढऱ्या व पट्टेदार जाती निपजल्या आणि त्यांनी जगाचा बाजार व्यापला. देठ लांब हवा, फूल मोठे हवे, पेटीत घालून दूरवर जावे आणि आठ-पंधरा दिवस टिकावे, या कसोट्यांवर पुढच्या जाती निवडल्या गेल्या. वास या कसोट्यांत बसला नाही. परिणामी ज्या वासापायी या फुलाला नाव मिळाले, मान मिळाला आणि मद्यात-मुरंब्यात जागा मिळाली, तो आजच्या पुष्पगुच्छातील फुलात बहुधा नसतो, किंवा अगदीच मंद असतो. मुलांनी फूल नाकाशी धरून 'गुरुजी, लवंगेचा वास कोठे आहे?' असे विचारले, तर त्यांना दोष देऊ नये. गावठी गुलाब आणि दुकानातील गुलाब यांचा वास एकामागून एक घेतलेल्या मुलाला याचे उत्तर आपोआपच उमगेल.

आता या फुलाच्या एका विचित्र खोडीविषयी. शिकागो येथील काही हरितगृहांत ठेवलेली कार्नेशनची फुले उमललेली असतानाच मिटून जात आणि पुन्हा उघडत नसत. उत्पादक त्याला 'फुले झोपली' असे म्हणत आणि मोठा तोटा सोसत. क्रॉकर व नाइट या दोन शास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये याचा छडा लावला. त्या काळी दिवाबत्तीसाठी वापरीत असलेल्या धुराच्या वायूची गळती होत होती, आणि त्या वायूतील एथिलीन हा घटक फुलांना झोपवीत होता. हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचा एक भागसुद्धा लागत नव्हता, एवढे हे फूल हळवे! पुढे असे सिद्ध झाले की, पिकणारी फळे स्वतःच एथिलीन सोडतात. आंब्याच्या अढीत एक पिकला की शेजारचे भराभर पिकतात, केळ्याच्या घडाशेजारी ठेवलेले कच्चे चिकू लवकर मऊ होतात, ते यामुळेच. आजीला जे अनुभवाने ठाऊक होते त्याचे कारण शोधण्यास या फुलाचा असा हातभार लागला. फुलांच्या पेट्या आणि पिकू लागलेली केळी एकाच बंद खोलीत किंवा एकाच टेंपोत ठेवली, तर माल बाजारात पोहोचण्यापूर्वीच झोपतो. हे माहीत नसल्यामुळे होणारे नुकसान काही थोडेथोडके नसते.

वर्गात हे पाहावयाचे असल्यास पुष्पगुच्छातील दोन ताजी फुले घ्यावीत. प्रत्येकाचा देठ पाण्याच्या पेल्यात ठेवावा. एका पेल्याजवळ दोन पिकलेली केळी ठेवून दोन्हींवर मोठे पातेले पालथे घालावे. दुसऱ्या पेल्यावर केळ्यांवाचून तसेच पातेले घालावे. दोन-तीन दिवस रोज ठरावीक वेळी उघडून मुलांनी काय दिसले ते वहीत लिहावे. पहिल्या पातेल्यातील पाकळ्या आत वळू लागलेल्या दिसण्याचा संभव आहे. दिसल्या नाहीत, तर प्रयोग फसला असे समजू नये. वर उल्लेखिलेल्या चांदीच्या क्षारांचे काम नेमके एथिलीनला दाद न देण्याचे असते, आणि फुलाला तो उपचार झालेला असू शकतो. असे का झाले असावे याचा तर्क मुलांना करू द्यावा. जे दिसले तेच वहीत उतरले पाहिजे. जे दिसावयास हवे होते ते नव्हे.

महाराष्ट्रात हे पीक उघड्या शेतात साधत नाही. त्याला रात्रीचा गारवा हवा असतो, पावसाचा मारा सोसत नाही, आणि कडक उन्हाळ्यात फूल लहान राहते. म्हणून प्लॅस्टिकच्या छताखाली वाफे करून, ठिबकने पाणी देऊन ते वाढवितात. देठ सरळ राहावेत यासाठी जाळीचे थरावर थर ताणलेले असतात. एका देठावर एकच मोठे फूल हवे असल्यास बाजूच्या कळ्या हाताने खुडाव्या लागतात. हे नाजूक, कंटाळवाणे काम बहुतांशी स्त्रिया करतात. काढणी झाल्यावर वीस-वीस फुलांच्या जुड्या बांधून त्या रातोरात मुंबई-दिल्लीकडे रवाना होतात. भाव लग्नसराई आणि सणावर चढतो-उतरतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा लग्ने थांबली, देवळे बंद झाली आणि वाहने उभी राहिली. झाडे मात्र फुलायची थांबली नाहीत. बँकेचे कर्ज काढून हरितगृह उभारलेल्या शेतकऱ्यांना फुले तोडून उकिरड्यावर टाकावी लागली, कारण न तोडल्यास झाड बिघडते. ज्या शाळांतील मुलांनी हे डोळ्यांनी पाहिले, त्यांना 'नाशवंत माल' या शब्दाचा अर्थ निराळा शिकवावा लागणार नाही.

एका देशात या फुलाने राज्यक्रांतीला नाव दिले. २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालमधील सैन्याने तेथील जुनी हुकूमशाही राजवट उलथून टाकली. लिस्बनच्या रस्त्यांत लोकांनी सैनिकांना कार्नेशनची फुले दिली आणि ती त्यांनी बंदुकांच्या नळ्यांत खोवली. हीच राजवट गोवा सोडण्यास तयार नव्हती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावरही तिने ते मान्य केले नव्हते. क्रांतीनंतर आलेल्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ रोजी भारताशी करार करून गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. सावंतवाडी-बांद्याकडील शाळांत गोवामुक्तीचा पाठ शिकविताना हा शेवटचा दुवा जरूर जोडावा. तो सहसा राहून जातो. मातृदिनाला कार्नेशन देण्याची अमेरिकेतील चाल १९०८ पासूनची आहे. ती सुरू करणाऱ्या ॲना जार्विस यांनीच पुढे त्या दिवसाच्या बाजारीपणाविरुद्ध आयुष्यभर झगडा केला.

ज्या शाळांना फुलबाजार दूर आहे त्यांनी कार्नेशनवाचून अडून राहू नये. त्याचे धाकटे भावंड 'डायँथस' या नावाने बियांच्या पाकिटातून स्वस्तात मिळते. त्याची फुले लहान, बहुधा एकेरी आणि दातेरी काठाची असतात. त्यामुळे पाच पाकळ्या, फुगीर पेरे आणि समोरासमोरची पाने हे सर्व त्यावर अधिक स्पष्ट दाखविता येते. इंग्रजीत गुलाबी रंगाला 'पिंक' म्हणतात, तो शब्दही याच गोत्रातील फुलांवरून रूढ झाला, जसा आपला 'गुलाबी' शब्द गुलाबावरून. देठातून पाणी वर चढते हे दाखविण्यासाठी पाश्चात्त्य शाळांत पांढरे कार्नेशन रंगीत पाण्यात ठेवतात. आपल्याकडे पांढरी शेवंती किंवा गुलछडी तेच काम करते. पावसाळ्यात तर तेऱ्याचे नव्हे, तेरड्याचे पारदर्शक खोड लाल शाईच्या पाण्यात उभे केले, तर रंग चढत असतानाच दिसतो. डायँथसचे बी पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, भुसभुशीत मातीच्या खोक्यात पेरावे. रोपे बोटभर झाली की उन्हात असलेल्या, पाणी न तुंबणाऱ्या वाफ्यात वीतभर अंतराने लावावीत. सुकलेली फुले वेळच्या वेळी खुडण्याचे काम पाळीने वाटून दिले, तर प्रजासत्ताक दिनाला पाहुण्यांसाठी गुच्छ शाळेच्या वाफ्यातूनच निघेल.